अमेरिकेत आईबाबांची व्हिडिओ व्हिजिट: नेमकं कुठे अडतं आणि आधी काय करून ठेवायचं

सुरुवातीलाच सांगते, "आईला टेक्नॉलॉजी जमत नाही" हे कारण जरा बाजूला ठेवा. तीच आई रोज सकाळी साताऱ्याच्या मावशीशी अर्धा-अर्धा तास व्हिडिओ कॉलवर असते, ग्रुपवर सुविचार टाकते, यूट्यूबवर स्वतः शोधून कीर्तन लावते, आणि डॉक्टरची व्हिडिओ व्हिजिट म्हटली की तीन पासवर्ड, दोन कोड, एक फॉर्म, आणि शेवटी लिंकच उघडत नाही, मग आपण म्हणतो हिला जमत नाही बाबा, सुट्टी टाकून घेऊनच जाऊ.

अडतं ते दुसरीकडे. पैसे कोण देणार, त्या क्षणी आई कुठल्या राज्यात बसलीये, पोर्टलवर, म्हणजे दवाखान्याच्या ऑनलाइन पेशंट खात्यावर, नाव काय लागलंय, डॉक्टरशी कुठल्या भाषेत बोलणार आणि जी गोळी हवीये ती सरकारच्या कुठल्या यादीत बसते, या जागी. यातलं एकही आईच्या हातात नाही, आणि बरंचसं अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी फोन करून सोडवता येतं. बाय द वे टेक्नॉलॉजी काही नवीन नाहीये, १९६८ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरचं क्लिनिक आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल टीव्हीने जोडलं होतं, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये बसून विमानतळावरचे पेशंट बघत. म्हणजे पन्नास वर्षांपेक्षा जास्त झाली, आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात आपण अजून फ्रंट डेस्कला होल्डवर आहोत.

मी मुख्यतः अमेरिकेचं लिहितेय कारण आपल्यातले बरेच जण इथे आहेत आणि आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहतात. यूके, जर्मनी, ऑस्ट्रेलियावाल्यांसाठी खाली थोडं आहे.

आधी बघा, आईबाबा कुठल्या खात्यात मोडतात

बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर आलेत, तर मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, विषय संपला. व्हिजिटर इन्शुरन्स असेल. त्यात दोन प्रकार असतात, एक फिक्स्ड बेनिफिटवाला जो प्रत्येक गोष्टीचे ठरलेलेच डॉलर देतो, बाकी तुम्ही, आणि दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, जो बिलाच्या प्रमाणात देतो. बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याची रुटीन तपासणी बहुतेक पॉलिसीत बसतच नाही, अचानक बिघडलं तरच काहीतरी मिळतं. म्हणून इन्शुरन्स कंपनीला फोन करून नेमके दोन प्रश्न विचारा: टेलिमेडिसिन व्हिजिट कव्हर आहे का, आणि पैसे आधी मी भरून नंतर क्लेम करायचा का. उत्तर ईमेलवर मागा, फोनवरचं "यस मॅम" नंतर कामाला येत नाही. खोकला, लघवीची जळजळ, अंगावर उठलेलं पुरळ असल्या गोष्टींसाठी रोख पैसे घेणाऱ्या व्हिडिओ सेवा कधी कधी क्लेमच्या भानगडीपेक्षा स्वस्त पडतात, ते पण बघून ठेवा.

ग्रीन कार्ड आहे पण पाच वर्षं झाली नाहीत, तरीही मेडिकेअर नाही. वय ६५ पूर्ण आणि सलग ५ वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की मग पैसे भरून घेता येतं. तोपर्यंत बरेच जण मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून विकत घ्यायचा, इन्शुरन्स प्लॅन घेतात. आपल्या नोकरीच्या इन्शुरन्समध्ये आईबाबांना घालता येईल असं खूप जणांना वाटतं, बहुतेक कंपन्यांत नाही येत.

मेडिकेअर आहे, तर ही गोष्ट जरा नीट समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. २०२० च्या आधी मेडिकेअर व्हिडिओ व्हिजिटचे पैसे द्यायचं, पण थोडे अपवाद सोडले तर पेशंट ग्रामीण भागात असला पाहिजे आणि घरी नाही, कुठल्या तरी दवाखान्यात जाऊन स्क्रीनसमोर बसला पाहिजे, अशी अट. म्हणजे डॉक्टर लांब म्हणून व्हिडिओ, आणि व्हिडिओसाठी परत गाडी काढा. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती अट बाजूला ठेवली आणि घरून व्हिजिट चालायला लागल्या. पण कायदा बदलला नाही, सूट दिली. ती सूट काँग्रेस, म्हणजे इथली संसद, थोडी थोडी वाढवत आली, आणि १ ऑक्टोबर २०२५ ला खर्चाची मंजुरी अडकून सरकारचं शटडाउन झालं तेव्हा ती संपलीच. काही दवाखान्यांनी मेडिकेअरवाल्यांच्या व्हिडिओ अपॉइंटमेंट थांबवल्या, काहींनी पैसे मिळतील या भरवशावर चालू ठेवल्या. १२ नोव्हेंबरला शटडाउन संपलं तेव्हा मागच्या तारखेपासून ती परत लागू केली, पण तेव्हा तीही ३० जानेवारी २०२६ पर्यंतच्याच बोलीवर होती. असं दर थोड्या महिन्यांनी टांगतं ठेवलं तर कुठला छोटा दवाखाना यात पैसे घालेल सांगा, माणसं नेमेल, ट्रेनिंग देईल? माझ्या मते या देशात टेलिहेल्थला, म्हणजे लांबून होणाऱ्या तपासणीला, सगळ्यात जास्त मागे खेचलंय ते या मुदतवाढींनी, म्हाताऱ्या माणसांनी नाही.

तुम्ही करायचं इतकंच: अपॉइंटमेंट घेताना विचारायचं, "व्हिजिटच्या तारखेला मेडिकेअर घरून केलेल्या व्हिडिओ व्हिजिटला पैसे देतंय का, आणि नाही दिले तर बिल कोणावर येणार?" मानसिक आरोग्याच्या व्हिजिटचं बरं आहे, घरून व्हिजिट तिथे कायद्यानेच कायमची केलीये, फक्त मधेमधे प्रत्यक्ष भेटायची अट त्याला जोडलेली आहे आणि ती पण पुढे ढकलत आलेत. आणि आईबाबांचं साधं मेडिकेअर नसून मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (तेच मेडिकेअर, पण खाजगी कंपनीच्या प्लॅनमधून) असेल तर नियम त्या प्लॅनचे, कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा.

ज्यांना स्वतःच्या इन्शुरन्सवर व्हिजिट करायचीये त्यांनी "फॅसिलिटी फी", म्हणजे हॉस्पिटल जागेसाठी वेगळे लावतं ते पैसे, लागणार का हे विचारा. डॉक्टर हॉस्पिटलच्या मालकीच्या क्लिनिकमध्ये असेल तर घरच्या सोफ्यावर बसून केलेल्या व्हिजिटला पण ती लागलेली लोकांनी बघितलीये. संतापजनक आहे, पण आधी विचारलं तर निदान दुसरा डॉक्टर शोधता येतो.

राज्याची सीमा

भारतातून आलेल्या माणसाला हे पटतच नाही. आपल्याकडे २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे रजिस्टर्ड डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला बघू शकतो, पुण्याच्या डॉक्टरने इंदूरच्या पेशंटला बघितलं तर कोणी विचारत नाही. इथे लायसन्स राज्याचं, आणि पेशंट त्या क्षणी जिथे बसलाय त्या राज्याचं लायसन्स डॉक्टरकडे लागतं. डॉक्टर कुठे बसलाय याला फारसा अर्थ नाही, आणि तुमचा पत्ता कुठला याला तर अजिबात नाही. म्हणजे आई एडिसनला तुमच्याकडे असते, तिचा डॉक्टर न्यू जर्सीचा, आणि दोन महिने ताईकडे टेक्ससला गेली, की तोच डॉक्टर, तीच आई, तीच गोळी, आणि व्हिजिट मात्र होत नाही. कोविडमध्ये राज्यांनी यात सूट दिली होती, ती नंतर काढून घेतली, तेव्हा लोक गाडी चालवत सीमेपलीकडे जायचे आणि पार्किंग लॉटमध्ये बसून डॉक्टरशी बोलायचे. खरंच.

इंटरस्टेट कॉम्पॅक्ट नावाचा राज्याराज्यांतला एक करार आहे, बरीच राज्यं त्यात आहेत, पण त्याने डॉक्टरला एकच देशभराचं लायसन्स मिळत नाही, प्रत्येक राज्याचं लायसन्स लवकर मिळतं एवढंच, फी प्रत्येकाची भरावी लागते. त्यामुळे साधा फॅमिली डॉक्टर या फंदात पडत नाही.

तर ताईकडे जायच्या आधी डॉक्टरच्या ऑफिसला विचारा, डॉक्टरकडे कुठल्या कुठल्या राज्यांची लायसन्स आहेत. नसेल तर निघायच्या आधी एक व्हिजिट उरकून ९० दिवसांच्या गोळ्या भरून घ्या, आणि प्रिस्क्रिप्शन देशभर दुकानं असलेल्या फार्मसीत असू दे म्हणजे तिथल्या दुकानात ट्रान्सफर करता येईल. व्हिजिटच्या सुरुवातीला "तुम्ही आत्ता कुठे आहात" विचारतात तेव्हा खरं सांगा. लायसन्सचा भाग आहेच, पण बोलता बोलता काही झालं तर अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायची हे पण त्यावरूनच ठरतं.

आणि आता आपला सगळ्यांचा लाडका उपाय, पुण्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करणे. करा, जुना डॉक्टर आईला वीस वर्षं ओळखतो, त्याच्या सल्ल्याला किंमत आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारताच्या त्या गाइडलाइन्स भारताबाहेरच्या कन्सल्टेशनला लागूच नाहीत, तसं त्यातच लिहिलंय, आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी इथली फार्मसी घेणार नाही. म्हणून येतानाच पुरेशा गोळ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणा आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या शेजारी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इथल्या डॉक्टरला थायरोनॉर्म म्हटलं तर कळणार नाही, लेव्होथायरॉक्सिन म्हटलं तर लगेच कळेल. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि क्रोसिन-डोलो म्हणजे पॅरासिटॅमॉल ज्याला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉलमध्ये तेच असतं, त्यामुळे डोलो आणि टायलेनॉल दोन्ही चालू नाही ना ते बघा. हा सगळा कागद करून फोटो काढून ठेवा, व्हिजिटच्या आधी पोर्टलवर टाकता येतो.

इथला डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर का येत नाही याचं पण उत्तर सांगून टाकते. हिपा म्हणून १९९६ चा प्रायव्हसीचा कायदा आहे. कोविडमध्ये सरकारने सांगितलं होतं की फेसटाइम, स्काइप वापरलं तरी आम्ही दंड करणार नाही, ती सवलत मे २०२३ मध्ये कोविडच्या आरोग्य आणीबाणीबरोबर संपली, ऑगस्टपर्यंत सावरायला वेळ दिला, आणि तेव्हापासून दवाखाने परत आपापल्या पोर्टलच्या आत गेले. आईला येणारं एकमेव अ‍ॅप तिथे चालत नाही ते यामुळे.

पोर्टल, म्हणजे खरी लढाई

बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांचं मायचार्ट असतं, छोट्या दवाखान्यांचं वेगळं काहीतरी. घरोघरी काय होतं तर मुलगा आपल्या ईमेलवर आईचं खातं उघडतो, बाबांचं पण त्याच ईमेलवर उघडायला जातो, ते होत नाही, मग सुनेचा ईमेल, कोड येतो ऑफिसमध्ये बसलेल्या मुलाच्या फोनवर, तो मीटिंगमध्ये, कोड दहा मिनिटांत मरतो, आई स्क्रीनकडे बघत बसलेली.

नीट करायचं तर असं. आईबाबा दोघांना वेगवेगळा ईमेल काढून द्या. इथला एक स्वस्त प्रीपेड नंबर घ्या, भारतातल्या नंबरवर कोड येईलच याचा भरवसा नाही, आणि इंटरनेटवरच्या फुकट नंबरांवर काही पोर्टलं कोड पाठवत नाहीत. मग प्रॉक्सी अ‍ॅक्सेस मागा. त्याचा फॉर्म असतो, आईची सही लागते, आणि तो झाला की तुम्ही तुमच्या स्वतःच्या लॉगिनने आईचं खातं बघू शकता, मेसेज करू शकता, व्हिजिटला जोडू शकता. आईचा पासवर्ड वापरून आत जाणं सोपं वाटतं, पण मग तुम्ही पाठवलेला मेसेज आईने लिहिलाय असं रेकॉर्डवर जातं, आणि डॉक्टर त्यावरून ठरवतो की बाईंना इंग्लिश उत्तम येतं, इंटरप्रिटर नको. असे घोळ होतात. पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायला जाल तेव्हाच काउंटरवर फॉर्म मागा, तिथल्या तिथे काम होतं, नंतर फॅक्स करा म्हणतात. हो, फॅक्स.

नाव आणि जन्मतारीख. पासपोर्टवर जे आहे, इन्शुरन्स कार्डवर जे आहे आणि दवाखान्यात जे लागलंय, ते तिन्ही अक्षर न अक्षर सारखं पाहिजे. आपल्याकडे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी गाडी, इथे मधलं नाव कधी पहिल्या नावाला चिकटवतात, कधी उडवतात, बँकेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पोर्टल फक्त म्हणतं "माहिती जुळत नाही". जन्मतारखेचं तर विचारूच नका, आपल्या आधीच्या पिढीत शाळेत मास्तरांनी १ जून टाकून दिलेली मंडळी घरटी एक आहेत. फोनवर "डेट ऑफ बर्थ?" विचारलं की बाबा प्रामाणिकपणे खरी तारीख सांगतात, आणि समोरची बाई म्हणते असा पेशंटच नाही. बाबांना सांगून ठेवा, इथे पासपोर्टवरची सांगायची, वाढदिवस हवा तेव्हा करू.

भाषा

यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण आपण लोक इथे सगळ्यात जास्त अंगावर घेतो, आणि गरज नसताना.

आरोग्य विम्याच्या कायद्याचं, म्हणजे अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं सेक्शन १५५७ म्हणून एक कलम आहे. सरकारी पैसे घेणाऱ्या दवाखान्यांना, म्हणजे मेडिकेअर किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) घेणारं जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटल आलं, इंग्लिश नीट न येणाऱ्या पेशंटला इंटरप्रिटर फुकट द्यावा लागतो. मराठी पण मिळते. फोनवरून किंवा तिसरी खिडकी म्हणून व्हिडिओत जोडतात. फक्त अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, "मराठी इंटरप्रिटर हवाय, हिंदी नको", आणि आदल्या दिवशी परत एकदा खात्री करायची, कारण न सांगितलं तर हिंदीचा माणूस देतात आणि आई समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावत बसते. पेशंटनेच सोबतच्या माणसाला इंटरप्रिटर म्हणून आणावं असं दवाखाना सांगू शकत नाही, तसा नियम आहे. इन्शुरन्सला फोन करताना पण भाषा मागता येते.

आता तुम्ही म्हणाल, मी आहे ना शेजारी, मीच सांगते. बसा शेजारी, पण भाषांतराचं काम घेऊ नका. आई मुलासमोर लघवीचं बोलणार नाही, अंग बाहेर येतंय हे तर सुनेसमोर पण नाही. बाबा मुलीसमोर म्हणणार नाहीत की हल्ली रडू येतं. शिवाय आपण गाळतो. आई पाच मिनिटं सांगते की रात्री पाय भाजल्यासारखे होतात, मुंग्या येतात, मग उठून बसते, मग चक्कर, मग आपण डॉक्टरला सांगतो "शी हॅज सम लेग पेन". मधुमेह असलेल्या बाईच्या तळव्यांची आग आणि मुंग्या हेच तर डॉक्टरला हवं होतं. आणि एक आपला पिढीजात प्रकार, डॉक्टर दिसला की "तसं सगळं ठीक आहे". म्हणून आदल्या दिवशी चहाच्या वेळी, जेवताना, केव्हाही, आईकडून काढून घ्या काय काय होतंय, कधीपासून, केव्हा वाढतं, आणि तिच्याच शब्दांत मराठीत कागदावर लिहा. तो कागद तिच्या हातात द्या. तिलाच तो इंटरप्रिटरला वाचून दाखवायला सांगा. व्हिजिटमधली पाच मिनिटं तुम्ही खोलीबाहेर जा, सहज, पाणी आणायला म्हणून.

वायफाय, कान, उजेड

इथे पटकन. आईबाबांची खोली बेसमेंटमध्ये असते आणि राउटर वर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे व्हिजिट त्यांच्या खोलीतून करू नका, राउटरच्या जवळ या. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. ऐकू कमी येत असेल तर टॅबलेटच्या स्पीकरवर भरवसा नको, हेडफोन लावा, आणि कॅप्शन चालू होतात का बघा. पोर्टलमध्ये टेस्ट व्हिडिओचं बटण असतं, ते आदल्या दिवशी ज्या टॅबलेटवर व्हिजिट करणार त्याच टॅबलेटवर दाबून बघा, कॅमेरा-माइकची परवानगी तेव्हाच देऊन टाका.

कमी उत्पन्न असलेल्या घरांसाठी इंटरनेटवर महिना ३० डॉलरची सूट देणारी एक सरकारी योजना होती, २ कोटी ३० लाख घरं त्यात होती, पैसे संपले म्हणून १ जून २०२४ ला बंद झाली. लाइफलाइन ही फोन-इंटरनेटच्या सुटीची दुसरी सरकारी योजना अजून आहे, महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत, बसत असेल तर घ्या. एवढ्या घरांचं इंटरनेट महाग करायचं आणि मग सेमिनार घ्यायचे की ज्येष्ठ लोक टेलिहेल्थ का वापरत नाहीत, असो.

व्हिडिओ नाहीच जमला तर घाबरू नका, मेडिकेअरमध्ये पेशंटला व्हिडिओ जमत नसेल किंवा नको असेल तर नुसत्या फोनवर झालेली व्हिजिट पण बऱ्याच वेळा चालते. दहा मिनिटं खटपट झाली की फ्रंट डेस्कला फोन करून "ऑडिओवर करूया" म्हणा. आणि पडदा चालू नाही म्हणून डॉक्टरने व्हिजिट रद्द करायच्या आत म्हणा, नाहीतर नो-शो फी, म्हणजे हजर न राहिल्याचे पैसे, लागते कधी कधी.

घरातली मशीन

डॉक्टरकडून बीपीचं मशीन घरी येतं, रीडिंग आपोआप दवाखान्यात जातं, छान वाटतं. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. महिन्याचा खर्च किती, कारण मेडिकेअर पार्ट बीमध्ये (डॉक्टरच्या खर्चाचा भाग) डिडक्टिबल, म्हणजे आधी आपणच भरायची ठरावीक रक्कम, संपल्यावर २० टक्के आपल्याला पडतात आणि ते दर महिन्याला पडतात. किती दिवस रीडिंग घ्यावं लागेल: मशीनच्या मूळ बिलिंगला ३० दिवसांत निदान १६ दिवस रीडिंग लागायची अट होती, २०२६ पासून २ ते १५ दिवसांसाठी वेगळा बिलिंग कोड आला, तरी दवाखाना कुठल्या हिशोबाने चालतो ते माहीत असलेलं बरं, नाहीतर आईला रोज फोन येतो की आज मोजलं नाहीत आणि ती वैतागून मशीन कपाटात टाकते. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, शनिवारी रात्री बीपी २०० आलं तर ते कोण बघतं? बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, सोमवारी सकाळी नर्स. मग आईला हे स्पष्ट सांगा. मशीनने पाठवलं म्हणजे कोणीतरी बघतंय असं तिला वाटत असतं.

बीपी मोजताना दंडाचा कफ घ्या, मनगटाचा नको, दंडाच्या मापाचा घ्या, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, आणि बोलायचं नाही. आपल्याकडे नेमकं कफ फुगताना आईला आठवतं की कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर एक माहिती ठेवा, सावळ्या-काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी कृष्णवर्णीय पेशंटमध्ये हे दाखवून दिलं आणि २०२१ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामकाने, पण सूचना काढली. आकडा ९५ आहे पण बाबांना बोलताना धाप लागतेय, तर आकडा सोडा, धाप बघा आणि डॉक्टरला तेच सांगा.

झोपेची गोळी

व्हिजिट छान झाली आणि शेवटी आई म्हणाली, "आणि ती झोपेची संपलीये", की डॉक्टरचा चेहरा बदलतो. आपल्याकडे आल्प्राक्स, म्हणजे अल्प्राझोलॅम, वर्षानुवर्षं सुखाने चालू असते. इथे ती कंट्रोल्ड सबस्टन्स, म्हणजे सरकारने खास निर्बंध घातलेल्या औषधांच्या यादीत, ट्रॅमॅडॉलवाल्या दुखण्याच्या गोळ्या पण तशाच, उदाहरणार्थ अल्ट्रासेट. २००८ चा रायन हेट कायदा म्हणतो की अशी औषधं प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ऑनलाइन लिहायची नाहीत. कोविडपासून यालाही सूट आहे आणि तीही वर्षा-वर्षाने वाढवत आणलीये, त्यामुळे काही डॉक्टर लिहितात, बरेच लिहीत नाहीत, आणि पहिल्याच व्हिडिओ भेटीत तर विसरा. म्हणून ही गोळी चालू असेल तर पहिली भेट प्रत्यक्षच घ्या, भारतातली जुनी चिठ्ठी बरोबर ठेवा. आणि संपली म्हणून एकदम बंद करू देऊ नका, खूप दिवसांची अल्प्राझोलॅम अचानक थांबवली तर फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरशी बोला.

बाकी देशांत असाल तर

यूकेत पैशाचा प्रश्न नाही, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या अ‍ॅपवर रिपीट प्रिस्क्रिप्शन निघतं, आईबाबा तिथे कायमचे असतील तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, प्रॉक्सी मागा. पण तिथे सध्या वेगळीच काळजी आहे. जुन्या तांब्याच्या फोन लाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद करून सगळं इंटरनेटवर नेतायत, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातलं ते अलार्मचं बटण, सुमारे १८ लाख लोक वापरतात, त्यातली बरीच जुनी यंत्रं त्याच लाइनींवर चालतात. लाइन बदलली आणि बटण चालेना असं घडून गंभीर प्रकार झाले, म्हणून २०२३ च्या शेवटी सक्तीची बदली थांबवावी लागली होती. घरी असं बटण असेल तर फोन कंपनीला आणि अलार्मवाल्याला दोघांनाही कळवा, आणि लाइन बदलल्यावर बटण एकदा दाबून बघा. वीज गेली की नवीन लाइन पण जाते, बॅटरी बॅकअप मागून घ्या.

जर्मनीत २०१८ पर्यंत डॉक्टरने आधी न भेटलेल्या पेशंटला नुसतं लांबून तपासायला व्यावसायिक नियमानेच बंदी होती. आता व्हिडिओ चालतो, ई-प्रिस्क्रिप्शन २०२४ पासून सक्तीचं झालं, आणि २०२५ पासून नको म्हणून कळवलं नसेल तर सरकारी विमा असलेल्या प्रत्येकाची इलेक्ट्रॉनिक फाइल आपोआप उघडली जाते. अडतं ते त्या फाइलमध्ये शिरताना, ओळख पटवायची पायरी किचकट आहे, विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन करून घेतलेली बरी. ऑस्ट्रेलियात तिथल्या मेडिकेअरने (नाव तेच, योजना वेगळी) जीपीच्या फोन-व्हिडिओ व्हिजिटचे पैसे द्यायचे तर साधारणपणे गेल्या १२ महिन्यांत त्या दवाखान्यात एकदा प्रत्यक्ष गेलेलं असावं लागतं, तेव्हा वर्षातून एक चक्कर मारून ठेवा, फ्लूची लस घ्यायला जाल तेव्हा होईल.

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, पडून डोक्याला लागलंय, यातलं काही असेल तर वरचं सगळं विसरून अमेरिकेत ९११, बाकी देशांत तिथला इमर्जन्सी नंबर, व्हिडिओ लावत बसू नका.

व्हिजिट झाल्यावर पोर्टलमध्ये व्हिजिटचा सारांश येतो, तो त्याच संध्याकाळी उघडून औषधांची यादी ताडून बघा, बंद केलेली गोळी यादीत तशीच राहिलेली असते बऱ्याचदा, आणि प्रिस्क्रिप्शन कुठल्या फार्मसीत गेलंय ते पण, नाहीतर ते ताईच्या टेक्ससच्या दुकानात जाऊन पडलेलं असतं.